ओसरी आणि माजघर

मी १९७२ साली, त्या दुष्काळाच्या वर्षी, लग्न होऊन महाळुंग्यात आले तेव्हा गावात एकच भाषा होती. बाजरी, कांदा, चाकणचा बाजार आणि आळंदीची वारी, एवढ्या विषयांना ती पुरत होती. पुढे एमआयडीसी आली, कंपन्या आल्या, शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या. आज आमच्या गल्लीतून नुसतं दळण घेऊन आलं तरी हिंदी, भोजपुरी, ओडिया, बंगाली आणि तेलुगू कानावर पडते. मराठवाड्याची आणि खानदेशची मराठी असते ती वेगळीच. कंपनीच्या बसमधून उतरणारी पोरं मधूनच एखादा जपानी नाहीतर जर्मन शब्दही टाकतात. यंत्राचा असतो म्हणे.

आणि एवढ्या भाषा अंगणात असताना आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या ओसरीवर बसून एक सहावीसातवीच भाषा शिकतो, जी कुठल्याच गावची नाही. एस्पेरांतो. माझी भाची जर्मनीत असते, तिने एक पातळसं पुस्तक पाठवलं होतं, तिथून हे वेड लागलं. आता तीच फोनवर हसते. "मावशी, पंचाहत्तरीत लोक जपमाळ घेतात!" मी तिला सांगितलं, विनोबांनीही उतारवयात, पदयात्रेच्या धबडग्यात, या भाषेची ओळख करून घेतली होती. इतक्या भाषा येत असलेल्या माणसाला आणखी एक शिकावीशी वाटली, मग मला तर तीनच येतात!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. झामेनहॉफ नावाचा डोळ्यांचा डॉक्टर होता. त्याचं बालपण बियालिस्तोक या गावात गेलं. तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे लोक एकमेकांशेजारी राहायचे आणि एकमेकांना परके समजायचे. (आमच्या चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहिलं की मला तो मुलगा दिसतो.) या सगळ्यांना सारखीच परकी आणि सारखीच आपली वाटेल अशी एक सोपी भाषा त्याने तयार केली आणि १८८७ साली वॉर्सात तिचं पहिलं पुस्तक छापलं. व्याकरणाचे नियम १६. नाम 'ओ'ने संपतं, विशेषण 'आ'ने, क्रियाविशेषण 'ए'ने. वर्तमानकाळाला 'आस', भूतकाळाला 'इस', भविष्यकाळाला 'ओस'. अपवाद नाही. आमच्या मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली १४ होते, १९७२ साली त्यात ४ वाढले, म्हणजे १८ झाले आणि तेसुद्धा नुसते लिहायचे! जन्मभर ते फळ्यावर लिहून दिलेल्या बाईला १६ नियमांत अख्खी भाषा मिळाली तर काय वाटेल ते तुम्हीच ओळखा.

त्यातल्या प्रश्नार्थक शब्दांचा तक्ता पाहिला तेव्हा तर मी चाटच पडले. पाच आडवे, नऊ उभे, असे ४५ शब्द. कोण, तो, कोणीतरी, प्रत्येक, कोणी नाही. कुठे, तिथे, कुठेतरी, सगळीकडे, कुठेच नाही. युरोपातल्या लोकांना म्हणे हा तक्ता फार जड जातो. आम्हाला कसला जड जातोय? कधी-तेव्हा-जेव्हा, कसा-तसा-जसा-असा, किती-तितका-जितका-इतका हे आमच्या घरचंच लोणचं आहे.

असो. आज लिहायला बसले ती भाषेची जाहिरात करायला नव्हे. आमच्या पाच जणांत जे झालं आणि त्यावरून मला जे उमगलं ते लिहायचं आहे.

पाचांमध्ये एक शास्त्रीबुवा. आडनाव शास्त्री नाही, पण चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं म्हणून आम्ही म्हणतो. दुसरे कंपनीत क्वालिटीला होते ते इंजिनिअरसाहेब; ते कुठल्याही गोष्टीचं मूळ कारण सापडेपर्यंत सोडत नाहीत. तिसऱ्या चाकणच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई. चौथी मी. आणि पाचवा आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू, ओडिशाचा मुलगा, सीएनसी मशिन चालवतो. त्याला मी सहज म्हटलं होतं, खाली चहाला ये, एक गंमत शिकतोय. तो आला, नि गंमत त्याला आवडली.

दुसऱ्याच रविवारी त्याने विचारलं, "आंटी, ये पीछे 'न' क्यों लगाते हैं?"

साधा प्रश्न. ज्याच्यावर क्रिया घडते त्या शब्दाला एस्पेरांतोत शेवटी 'न' लागतो. 'ला हुंदो मोर्दास ला कातोन', म्हणजे कुत्रा मांजराला चावतो. कातो म्हणजे मांजर, त्याला 'न' लागला, कातोन. संपलं. पण शास्त्रीबुवांना द्वितीया विभक्ती दिसली की राहवत नाही. त्यांनी पाणिनीपासून सुरुवात केली. कर्म म्हणजे काय, ईप्सिततम म्हणजे काय. त्यावर इंजिनिअरसाहेब म्हणाले, मुळात हा 'न' हवाच कशाला? इंग्रजीचं चालतंच ना त्याच्यावाचून? एस्पेरांतोतून फुटून निघालेल्या 'इदो' भाषेने तो फक्त कर्म आधी आलं तरच ठेवला, तेच शहाणपणाचं. शास्त्रीबुवा म्हणाले, मग पदांचा क्रम बांधला जातो, कवितेचं काय करणार? चाळीस मिनिटं! चर्चा चांगली होती हो. मी स्वतः दोन गोष्टी नव्याने शिकले. पण तो मुलगा पेन हातात धरून एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत होता. सगळं मराठीत चाललं होतं, त्यातही अर्धं संस्कृत.

सगळे गेल्यावर तो कपबशा आत आणून द्यायला आला. मी त्याला विचारलं, तुमच्या भाषेत 'रामाला बघितलं' कसं म्हणतात? तो म्हणाला, 'रामकु'. म्हटलं, हा 'न' म्हणजे तुमचा 'कु' आणि आमचा 'ला'. आपण बहुतेक माणसाला-जनावरालाच लावतो, ही भाषा वस्तूलाही लावते, एवढाच फरक. "अच्छा! कु!" म्हणाला आणि जिना चढून गेला. दोन मिनिटांचं काम.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. शिफ्ट होती म्हणाला. वरच्या खोलीतल्या पावलांवरून मला त्याची शिफ्ट कळते, ती नव्हती.

मंडळी, मी शाळेत होते तेव्हा नव्या शिक्षकांना एक गोष्ट सांगत असे. काय सांगायचं हे पुस्तकात असतं. किती सांगायचं नाही, हे आपण ठरवायचं. पाचवीतला मुलगा विचारतो, "बाई, मराठी शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहायचं तर 'आणि'ला पहिली का?" त्याला उत्तर एवढंच, की 'आणि' आणि 'नि' हे दोन अपवाद, पाठ कर. हाच प्रश्न बी.ए.च्या वर्गात आला तर तास पुरत नाही आणि पुरूही नये. प्रश्न एकच, उत्तरं दोन. चुकीचं दोन्हींतलं एकही नाही.

पण एस्पेरांतोसारख्या बनवलेल्या भाषेत ही गोष्ट नुसती शिकवण्याची राहत नाही, जगण्यामरण्याची होते. विचार करा. मराठीत आम्ही पंडितांनी कितीही भांडणं केली तरी उद्या सकाळी महाराष्ट्रातल्या कुठल्याशा घरात एक मूल 'आई' म्हणणारच आहे. भाषा त्याच्या तोंडून पुढे जाते, आमच्या परवानगीने नाही. एस्पेरांतो घरातच ऐकून मोठी झालेली मुलंही आहेत, पण अगदी थोडी. बाकी जो कोणी ती बोलतो तो कधीतरी कुणाला तरी "हा 'न' का?" असं विचारूनच आत आलेला आहे. त्या भाषेत पाळणे हलत नाहीत, तिथे नवशिक्यांचे प्रश्नच हलतात. प्रश्न थांबले की वंश खुंटला.

हे मी मनचं सांगत नाही. एस्पेरांतोच्या आधी व्होलाप्युक नावाची भाषा होती. श्लायर नावाच्या जर्मन धर्मगुरूने ती १८७९-८० मध्ये रचली. युरोपभर तिची मंडळं निघाली. १८८४, १८८७ आणि १८८९ अशी तीन संमेलनं झाली. पॅरिसच्या तिसऱ्या संमेलनात सगळे त्याच भाषेत बोलले. आणि तिथून घसरण लागली! व्याकरण जड आहे, सोपं करा, असं तिची अकादमी म्हणू लागली. भाषा माझी, शेवटचा शब्द माझा, असं श्लायर म्हणू लागला. अकादमीचे प्रमुख कर्कहॉफ्स आणि श्लायर यांचं जुळेना. जो तो सुधारून दाखवू लागला. या मारामारीत नव्याने शिकायला आलेल्या माणसाने कुणाची व्होलाप्युक शिकायची? तो घरी गेला. न्युरेंबर्गचं व्होलाप्युक मंडळ १८८८ साली एस्पेरांतोकडे वळलं आणि जगातलं पहिलं एस्पेरांतो मंडळ झालं. तिथूनच १८८९ साली 'ला एस्पेरांतिस्तो' हे मासिक सुरू झालं.

झामेनहॉफने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्याकडेही सुधारकांची रांग लागली. १८९४ साली त्याने मासिकाच्या वर्गणीदारांनाच विचारलं, बदल करायचे का? बहुमत म्हणालं, नको. मग १९०५ साली फ्रान्समधल्या बूलोन्य गावी पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे ठरलं, की 'फुंदामेंतो' म्हणजे पाया हे एक पुस्तक सर्वांना बंधनकारक. ते कुणी बदलायचं नाही, खुद्द झामेनहॉफनेही नाही.

आता या पुस्तकात काय आहे? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, घटनेसारखी कलमं असतील. तर आत तीन गोष्टी: ते १६ नियम, एक शब्दसंग्रह आणि ४२ पाठांची स्वाध्यायवही! सिंह, गुलाब, कबूतर असल्या वाक्यांची. पाणवठ्यावर परी भेटलेल्या मुलीची गोष्ट आहे, आपल्या बालभारतीत शोभेल अशी. म्हणजे त्या भाषेत मोठमोठ्या विद्वानांचा वाद विकोपाला गेला की ते ज्या ग्रंथाकडे धाव घेतात, तो नवशिक्यांसाठी लिहिलेला गृहपाठ आहे. मला हे फार आवडलं. सर्वोच्च न्यायालय पहिलीच्या वर्गात भरवलंय, असं वाटलं.

दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, पॅरिसमध्ये मोठं बंड झालं. कूतुरा नावाच्या तत्त्वज्ञाच्या पुढाकाराने सुधारलेली एस्पेरांतो निघाली, तीच आमच्या इंजिनिअरसाहेबांची लाडकी 'इदो'. पुढारी मंडळी पुष्कळ तिकडे गेली. साधी शिकणारी-शिकवणारी माणसं मात्र बहुतेक जागेवर राहिली. त्यांना 'न' असण्यानसण्याचं तत्त्वज्ञान नको होतं. दूरच्या मित्राला पत्र लिहायचं होतं आणि तो 'न' आता अंगवळणी पडला होता. इदोवाले सुधारत राहिले. त्यांच्यातले नामवंत भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सन यांनी तर पुढे १९२८ साली आपली निराळीच 'नोव्हियल' भाषा काढली. सुधारणेला अंत नसतो हेच खरं. शिकणाऱ्याला मात्र कुठूनतरी सुरुवात करावी लागते.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाई विद्वानांच्या विरुद्ध आहेत. मुळीच नाही. उलटाही धोका आहे आणि तो मी वर्गात तीस वर्षं पाहिला आहे. जो वर्ग दर सोमवारी पहिल्याच धड्यावर येतो त्यातली हुशार मुलं खिडकीबाहेर बघू लागतात. एस्पेरांतोवाल्यांत यासाठी एक शब्दच आहे, 'एतेर्ना कोमेंत्सांतो', म्हणजे चिरंतन नवशिका. वर्षानुवर्षं येतो, नमस्कार-चमत्कार करतो आणि लगेच आपल्या भाषेत गप्पा मारू लागतो. अशा गप्पांनाही शब्द आहे: 'क्रोकोदीली'. क्रोकोदीलो म्हणजे मगर. एस्पेरांतोवाले जमलेले असताना स्वतःच्या मातृभाषेत बोलायचं म्हणजे 'मगरायचं'. आमच्या ओसरीवर सुरुवातीला पाच मगरी होत्या!

शिवाय वाद झाले नाहीत तर भाषा खेळणंच राहते. उदाहरण देते. 'घर बांधलं जात होतं' आणि 'घर बांधलेलं होतं' यांत फरक आहे ना? एस्पेरांतोत पहिल्याला '-आता' लागतो, दुसऱ्याला '-इता'. (शास्त्रीबुवा खूश. लिखित, पठित, कथित यांतला 'इत' कानाला तसाच लागतो.) पण 'मी अमुक साली जन्मले' म्हणताना काय लावायचं? त्या वेळी क्रिया चालू होती म्हणून 'आता', की ती पुरी झाली म्हणून 'इता'? यावरून त्या लोकांत दोन तट पडले आणि वर्षानुवर्षं लेख, पुस्तकं, उत्तरं-प्रत्युत्तरं झाली. शेवटी १९६७ साली त्यांच्या अकादमीने 'इता'च्या बाजूने निकाल दिला. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण त्या वादामुळेच आज त्या भाषेत बारकावा नेमका पकडता येतो. आणि अशा वादांसाठी लागते ती तयारी थोरच असते. प्रबाल दासगुप्ता हे बंगाली भाषाशास्त्रज्ञ पूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत. २००७ ते २०१३ ते जागतिक एस्पेरांतो संघटनेचे अध्यक्ष होते आणि २०१६ मध्ये त्या अकादमीचे अध्यक्ष झाले. आमच्यापासून चाळीस किलोमीटरच्या आत असा माणूस वर्षानुवर्षं वावरला आणि आम्हाला पत्ताही नव्हता!

त्याच डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम चालू आहे. पिढ्या गेल्या, पण 'अ' हे अक्षर सरलेलं नाही. अशा खोलीत नवशिक्याने जाऊन "रामः म्हणजे काय?" विचारू नये आणि तिथल्या माणसानेही बाहेर येऊन पाचवीतल्या मुलाला 'अ'चा इतिहास सांगू नये. जुन्या वाड्यांत ओसरी असायची आणि माजघर असायचं. ओसरीवर वाटसरूही टेकायचा, त्याला गूळपाणी मिळायचं, नाव-गाव विचारलं जायचं. माजघरात घरच्यांच्या मसलती चालायच्या. घराला दोन्ही हवंच. मसलत ओसरीवर आली की वाटसरू अवघडतो. आणि नुसतीच ओसरी असेल तर ते घर नव्हे, धर्मशाळा.

झामेनहॉफला हे बरोबर साधलं होतं. मासिकांतून तो लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायचा. पुढे ती 'लिंगवाय रेस्पोंदोय' नावाने पुस्तकात आली. त्यांतला सूर मला पाहण्यासारखा वाटला. हेही चालेल, तेही चालेल, मी स्वतः असं लिहितो, पण तुम्हाला दुसरं सोयीचं वाटलं तर हरकत नाही. स्वतः भाषा रचलेला माणूस असं बोलतो! त्याला निकाल देऊन मोकळं होता आलं असतं. पण विचारणाऱ्याने पुन्हा विचारावं ही त्याची गरज होती.

आपल्याकडेही ही समज फार जुनी आहे. महानुभाव पंथात नागदेवाचार्यांकडे केशवराजांनी संस्कृतात प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी सांगितलं, की मला ते कळत नाही, आपल्या स्वामींनी मला मराठीत शिकवलंय, त्यातच विचारा. आणि केशवराज संस्कृतात ग्रंथ लिहीत होते ते नागदेवाचार्यांनी थांबवलं. का, तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायकांना तो कळणार नाही म्हणून. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. केशवराज काही कमी पंडित नव्हते. पण म्हाताऱ्यांसाठी ते थांबले.

तर आम्ही काय केलं? तिसऱ्या रविवारी मी चहाआधीच विषय काढला. शास्त्रीबुवांना थोडं लागलं. "म्हणजे आम्ही बोलायचंच नाही का?" म्हटलं, बोलायचं, पण पाच वाजल्यानंतर. चार ते पाच ओसरी. त्यात जो सगळ्यांत नवा, त्याचा प्रश्न पहिला आणि उत्तर दोन वाक्यांत. तिसरं वाक्य सुचलंच तर ते वहीत लिहायचं. एक दोनशे पानी वही आणली, वर 'वादाची वही' असं नाव घातलं. पाच वाजता ती उघडायची आणि ज्यांना बसायचंय त्यांनी बसायचं; जाणाऱ्याने संकोच न करता जायचं. इंजिनिअरसाहेबांना हे लगेच पटलं. लाइन थांबवायची नाही, दोष बाजूला नोंदवायचा, हे तर कंपनीतही करतो म्हणाले. वर गेले आणि मुलाला स्वतः बोलावून आणलं त्यांनी. नर्सबाई इतके दिवस गप्पच असायच्या. त्या दिवशी त्यांनी तीन प्रश्न विचारले, तेव्हा मला कळलं की गप्प बसलेले दोघे होते.

वाटलं, चला, घडी बसली. पण महिन्याभराने त्या मुलानेच ती विस्कटली!

पाठ चालला होता नात्यांचा. पात्रो म्हणजे वडील. स्त्रीलिंगी करायला 'इन' घालायचा, पात्रीनो म्हणजे आई. मुलाने डोकं खाजवलं. म्हणाला, "आंटी, बापसे माँ बनी? ये उल्टा नहीं है क्या?"

सगळे हसले. मग कोणीच हसेना. कारण हाच तो प्रश्न, ज्यावर जगभरचे एस्पेरांतोवाले कित्येक वर्षं भांडताहेत. मूळ शब्द पुरुषाचा आणि बाई प्रत्यय लावून, हे काय न्यायाचं? कुणी पुरुषासाठीही 'इच' असा नवा प्रत्यय सुचवलाय, कुणी 'तो'ही नाही 'ती'ही नाही असं 'री' हे सर्वनाम वापरतं, कुणी म्हणतं पायाला हात लावायचा नाही. इंजिनिअरसाहेबांनी त्यावर केवढं तरी वाचलं होतं. आणि हा मुलगा ते काही न वाचता, दुसऱ्या महिन्यात, थेट तिथे येऊन उभा!

त्याच्या मातृभाषेत नामांना लिंग नसतं, म्हणून त्याच्या डोळ्यांना ते टोचलं. आम्हाला टोचलं नव्हतं. काका-काकू, मामा-मामी म्हणत आम्ही वाढलो. मावशीचा नवरा मात्र बिचारा काकाच राहतो, त्याचंही आम्हाला कधी काही वाटलं नाही.

त्या दिवशी मला एक नवीन गोष्ट कळली. ओसरी आणि माजघर अशा दोन जागा कराव्यात, पण मधलं दार लावू नये. नवशिक्याचा प्रश्न साधा असतो असं आपण धरून चालतो. तो पुष्कळदा सगळ्यांत खोल असतो, फक्त त्याला पारिभाषिक कपडे चढवलेले नसतात. उलट आमचे माजघरातले बरेच वाद म्हणजे कुणीतरी एके काळी भाबडेपणाने विचारलेले प्रश्नच आहेत, आता म्हातारे झालेले. म्हणून त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं, "हो, उलटं आहे, तूर्त असंच चालतं." आणि वहीत त्याच्या नावाने प्रश्न लिहिला. पाच वाजता तो उठला नाही. बसला. मी मधूनमधून हिंदीत सांगत होते, शास्त्रीबुवाही पाणिनी बाजूला ठेवून बोलत होते. वाद मिटला नाही. मिटायचा नव्हताच.

आता शेवटचं, आणि मला खरं म्हणजे हेच सांगायचं होतं. मराठीत रोज मुलं जन्मतात म्हणून तिला नवशिक्यांची गरज नाही, असं मी वर म्हटलं. ते महाराष्ट्रात इतरत्र खरं असेल. महाळुंग्यात नाही. इथे आज मराठीच्या दाराशी उभी असलेली माणसं बहुतांशी मोठी, मिशा फुटलेली, दूरच्या राज्यांतून आलेली आहेत. हाच मुलगा दुकानात म्हणतो, "काका, दूध दिली का?" दुकानदार पटकन हिंदीत उत्तर देतो. वाईट हेतूने नाही, त्याला वाटतं आपण सोय करतो. पण मुलाचं मराठी तिथेच थांबतं. एस्पेरांतोच्या हिशोबाने आपण सगळे आपल्याच गावात मगरतो! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मला मनापासून आनंद झाला, त्यावरच्या चर्चाही मी आवडीने वाचते. ते माजघर आहे आणि ते भरलेलं असावं. ओसरीवर मात्र "दूध दिली की दिलं?" एवढं विचारणारा उभा आहे आणि त्याला एका वाक्यात, मराठीत, न हसता उत्तर द्यायला कुणी नाही.

म्हणून हल्ली मी त्याच्याशी मराठीतच बोलते. "दूध 'ते' असतं. ते दूध दिलं." का 'ते'? ते वहीत लिहून ठेवलंय, शास्त्रीबुवा बघतील. तो आता मला आंटी न म्हणता काकू म्हणतो.

असो. फार लांबलं. तुम्ही कुठलीही भाषा शिकायला घेतली असेल तेव्हा पहिला प्रश्न कोणता विचारलात आणि कुणी कसं उत्तर दिलं, ते जरूर लिहून कळवा. वहीत पानं पुष्कळ शिल्लक आहेत.